डाव्या बाजूची चाकं

“डोळे उघडायचे नाहीत. माळा पुऱ्या होईपर्यंत नाम तुझं, रस्ता माझा. पोचलो की मी सांगतो.”

गाडीत बसलं की हे दर वेळी एवढं बोलायचे आणि मगच गाडी सुरू करायचे. मी मागे, डाव्या खिडकीशी. पुढची सीट रिकामी. बघणारे हसायचे, बायको मालकीण आणि नवरा ड्रायव्हर म्हणायचे. हे त्यांना सांगायचे की नोकरी पक्की आहे, कशाला तक्रार करू.

मागे बसायचे ते नेमासाठी. रोज अकरा माळा, एका बैठकीत, डोळे मिटून. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. सव्वीस वर्षं झाली या नेमाला, आजारपणातही चुकला नाही. आठवड्यातून एकदा आम्ही वन्संना, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीला भेटायला जायचो. त्या शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात राहतात, अडतीस किलोमीटरवर. त्यांची दृष्टी जाऊनही बरीच वर्षं झाली. त्या दिवशी सकाळी निघायचं असायचं, म्हणून माळा गाडीतच व्हायच्या. आणि चौदा वर्षांत एकदाही असं झालं नाही की आम्ही पोचलो आणि माळ उरली. अकराव्या माळेचा शेवटचा मणी बोटांतून सुटायचा, गाडी थांबायची आणि पुढून आवाज यायचा, “उघड. पोचलो.”

हे मी सगळ्यांना सांगायचे. शाळेत शिकवत होते तेव्हा तिथल्या बायकांना, नंतर शेजारणींना. वाटेत कधी गर्दी असते, कधी पाऊस, कधी मीच सावकाश जपते. तरी रस्ता बरोबर नामाच्या मापाचा होतो, असं हात जोडून सांगायचे. हे जवळ असले तर मान डोलवायचे. “पुण्य तिचं, डिझेल माझं,” म्हणायचे. सगळे हसायचे, मीही हसायचे.

यांना जाऊन सात महिने झाले आणि गाडी खाली पार्किंगमध्ये उभी होती. मोठी, उंच, एके काळी लोकांनी वळून बघावं अशी. आता तिच्या काळ्या रंगावर कडेकडेने राखाडी झाक आली आहे. या गाडीला स्प्रिंग नाहीत, त्यांच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या आहेत. मागची डावी पिशवी कुठेतरी सूक्ष्म फुटली होती. रात्रभरात तिच्यातली हवा निघून जायची आणि सकाळी मी पुसायचं फडकं घेऊन खाली गेले की गाडी त्या एका कोपऱ्यात खाली बसलेली दिसायची. मागे डाव्या बाजूला कुणी जड माणूस केव्हाचं बसून आहे, अशी. मी किल्लीचं बटण दाबलं की आत पंप घरघरायचा आणि तो कोपरा हळूहळू वर यायचा. बसलेलं माणूस उठून उभं राहावं तसा.

गाडीला किल्ल्या दोन. माझ्या किल्लीने दार उघडलं तर काही होत नसे. यांच्या किल्लीने उघडलं की ड्रायव्हरची सीट आपोआप मागे सरकायची, स्टिअरिंग खाली यायचं, बाहेरचे आरसे वळायचे. यांचे पाय लांब, ती जागा गाडीने लक्षात ठेवलेली. बारीक मोटर वाजायची आणि थांबायची. नामात राहणारी बाई मी, भुताखेतांना घाबरणारी नव्हे. पण रोज सकाळी मी यांचीच किल्ली नेत असे, आणि सीट सरकू लागली की दारातून दोन पावलं मागे होत असे. वाट द्यावी तशी.

घरातल्या जपाचंही काही खरं राहिलं नव्हतं. अकरा माळा व्हायच्या, शेवटचा मणी सुटायचा आणि डोळे उघडायचे नाहीत. कान पुढे लागलेले असायचे. समोरच्या दिव्यातलं तेल संपून वात चुरचुरली की मग मला कळायचं, कुणी सांगणार नाहीये.

यांचं एक काम मात्र माझ्याकडे राहिलं होतं. गाडीने तीन लाख ओलांडले तेव्हा यांनी वन्संना शब्द दिला होता की चार लाख किलोमीटर होतील त्या क्षणी तू माझ्या शेजारी पुढच्या सीटवर असशील. वन्सं म्हणाल्या होत्या, मला आकडा दिसणार थोडाच. तेव्हा हे म्हणाले, “मी वाचून दाखवीन. शाळेत माझे धडे तू वाचून घ्यायचीस, तसं.” पुढे तो दोघांचा खेळच झाला. दर भेटीत वन्संचा पहिला प्रश्न, आकडा किती झाला? हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी यांना धाप लागली होती, तरी यांनी मला जवळ बोलावून सांगितलं की ताईचे चार लाख राहिले. मी म्हटलं, मी दाखवते. यांनी डोळे मिटले. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

तेव्हा चार लाखाला साठही उरले नव्हते. मी गाडी हलवलीच नाही. आकडा वाया जाईल ही भीती, आणि पुरा झाला की पुढे काय, ही त्याहून मोठी.

मग एके दिवशी मुलाने गाडी जराशी बाहेर काढली, तर समोर पिवळा दिवा लागला आणि गिअर बदलताना गाडीने असा हिसका दिला की त्याने तशीच परत आणून लावली. त्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला की हा हत्ती आता पोसवत नाही, शोरूमवाला एक्स्चेंजमध्ये घ्यायला तयार आहे, तुझ्यापुरती छोटी नवी गाडी घेऊ, सोमवारी त्यांची माणसं येऊन ही घेऊन जातील. मी दुरुस्तीचं काढलं. तो म्हणाला, “आई, बाबांनी हिच्या सर्व्हिसिंगच्या निम्म्याने जरी स्वतःच्या तपासण्या केल्या असत्या, तर आज हा प्रश्न तेच सोडवत बसले असते.” बोलून गेल्यावर त्यालाच कसंनुसं झालं. माझ्या भांड्यात पाणी ओतत राहिला, भांडं भरलं तरी.

मी एवढंच मागितलं की सोमवारच्या आत गाडी एकदा डॉक्टरांना दाखवू.

डॉक्टर म्हणजे यांचे मेकॅनिक. यांनीच त्यांना ते नाव ठेवलं होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ते इंजिनावर टेकवतात, मुठीकडची बाजू कानाला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. त्यांचं गॅरेज सहा किलोमीटरवर. मुलगा गाडी घेऊन गेला, तिथे लावून कामावर निघून गेला. मी मागून रिक्षाने पोचले. पोचल्या पोचल्या डॉक्टरांना सांगितलं की ट्रायल घ्यायची नाही. ते म्हणाले, बरं, मग लिफ्टवर घेऊन चाकं फिरवतो. मी विचारलं, त्याने आकडा चढतो का? चढतो म्हणाले. मग तेही नको म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि गाडी लिफ्टवर नुसतीच वर उचलली. कपाळाला टॉर्च बांधून खाली शिरले, एकेक नळी चाचपत गेले.

“वहिनी, माझं पोट यावर आहे, तरी सांगतो,” शेवटी ते म्हणाले. “हिच्यात आता जीव ओतू नका.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. हवेच्या चारही पिशव्या, पंप, नळ्या, सगळंच बदलायचं. तीनेक आठवडे बॅटरी काढून ठेवावी लागेल आणि मग गाडीच्या कॉम्प्युटरना सगळं पहिल्यापासून शिकवायचं. इतकं करूनही वर्षभरात दुसरं काहीतरी निघेल. मी विचारलं, बॅटरी काढली तर काय काय जातं? त्यांना वाटलं मी रेडिओबद्दल विचारतेय. म्हणाले, काही नाही, रेडिओची स्टेशनं, घड्याळ, सीटची जागा, एवढंच. परत लावायला दोन मिनिटं. माणूस सीटवर बसला की झालं.

मी लिफ्टच्या खांबाला हात लावून उभी होते.

इतके महिने मला वाटत होतं की दुरुस्त केली तर हे राहतील आणि बदलली तर जातील. आता कळत होतं की दुरुस्त करूनही गाडीच तेवढी उरणार होती.

विषय बदलायचा म्हणून असेल, डॉक्टरांनी मला चाकं दाखवली. उजवीकडची दोन्ही चांगली. डावीकडच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा मात्र तळहातासारख्या गुळगुळीत. मागची डावी हवेची पिशवीही त्यामुळेच आधी गेली, म्हणाले, सगळा भार तिच्यावर यायचा. मी म्हटलं, रस्ता खराब असेल.

“रस्ता नाही. हे आजारपणच नाही वहिनी, ही सवय आहे,” ते म्हणाले आणि एक चिंधी घेऊन हात पुसत बसले. स्वच्छ झालेले हातसुद्धा पुसत राहिले. “साहेबांनी सांगितलं होतं, तुम्हाला कळता कामा नये. पण आता परवानगी मागायची कुणाकडे?”

डाव्या बाजूचे टायर यांनी दहा वेळा बदलले होते, उजवीकडचे पाच वेळा. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलंच, ही गाडी गोल गोल कुठे फिरवता? तेव्हा हे म्हणाले होते, “आमच्याकडे प्रदक्षिणा असतात. देव मागच्या सीटवर बसतो आणि प्रदक्षिणा मी चौकाला घालतो.”

वृद्धाश्रमाच्या फाटकासमोर मोठा गोल चौक आहे, मध्ये झाडं आहेत. हे तिथे नेहमी जरा आधीच पोचायचे, आणि माझे ओठ हलत असले तर फाटकात वळायचेच नाहीत. चौकाला फेरी. मग दुसरी, तिसरी. माझे ओठ थांबेपर्यंत.

मला ते चटकन समजलंच नाही. मी विचारलं, गाडी चालवताना यांना माझे ओठ कसे दिसायचे?

“तो छोटा आरसा कशासाठी आहे, कधी विचारलं नाहीत?”

आरसा मला माहीत होता. मोठ्या आरशाच्या खाली काचेला चिकटवलेला, लहान मुलाच्या तळव्याएवढा. मला वाटायचं पार्किंगसाठी असेल. डॉक्टरांनी गाडी खाली घेतली आणि न बोलता ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. किल्ली यांचीच होती. सीट मागे सरकली, थांबली. या वेळी मी मागे झाले नाही. आत बसले. चौदा वर्षांत त्या सीटवर पहिल्यांदा.

पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. मोठ्या आरशात गॅरेजची मागची भिंत आणि टांगलेले पट्टे दिसत होते. छोट्यात आधी गाडीचं छत दिसलं. मी ताठ बसले, मान यांच्याएवढी उंच केली, तेव्हा दिसलं. मागची डावी सीट. डोकं टेकायची उशी आणि तिच्याखालची वीतभर जागा, जिथे माझं तोंड असायचं. त्या आरशात रस्ता नव्हताच.

मी बघत राहिले. रिकाम्या जागेकडे इतकं एकटक मी कधी देवाकडेही बघितलं नसेल. कुणी मागे बसलेलं दिसलं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या मानेवर मात्र ते बघणं लागत होतं, उलट दिशेने. मी मागे बसले आहे, डोळे मिटून, आणि कुणीतरी माझे ओठ वाचतंय.

मुलगा तापाने फणफणला होता त्या वर्षी एकदा मी मनातल्या मनात अकराच्या एकवीस केल्या होत्या. यांनाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही एकविसाव्या माळेला गाडी थांबली होती आणि मी उतरता उतरता रडले होते की देवाने ऐकलं. संध्याकाळी यांची मान धरली. मी कोमट तेल चोळून दिलं आणि वरून बोललेही की इतकं काय ते जड काम केलंत, नुसतं बसून तर होतात.

चौदा वर्षं मी चमत्कार सांगत फिरले आणि चमत्कार पुढे बसून स्टिअरिंग वळवत होता.

डॉक्टर बाहेर उभे होते. मी त्यांना एवढंच विचारलं की ही गाडी मला एकदा वन्संपर्यंत नेईल का. मग कशासाठी तेही सांगितलं. त्यांनी इंजिन सुरू करायला लावलं, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं.

“नेईल. ब्रेक उत्तम आहेत. मोठ्या रस्त्याला लावायची नाही, तुमच्या नेहमीच्या जुन्या रस्त्याने जायचं, गिअर पडेल तसा पडू द्यायचा. आणि हळूहळू गोल फिरायची तर हिला सवयच आहे.” त्यांनी दुसऱ्या गाडीची काढून ठेवलेली एक पिशवी मागच्या डाव्या कोपऱ्याला बसवून दिली. बॅटरीला हात लावला नाही. ट्रायल घेतली नाही. म्हणाले, तीस वर्षांत असं पहिल्यांदाच होतंय, ट्रायल तुम्हीच घ्या.

घरापर्यंत मी स्वतः चालवत आणली. शाळेत होते तेव्हा माझी छोटी गाडी मी रोज चालवायचे, हात विसरले नव्हते. पार्किंगमध्ये उभी केली तेव्हा आकडा होता तीन लाख नव्व्याण्णव हजार नऊशे त्रेपन्न.

मुलाला सांगितलं की शोरूमला होकार कळव. तो भांडणाच्या तयारीने आला होता. म्हणाला, नक्की ना, मागून मला बोल लावशील. मी म्हटलं, सोमवारी दोन्ही किल्ल्या तुझ्या हातात देते, रविवार माझा. कुठे जायचंय ते सांगितल्यावर तो बरोबर येतो म्हणाला. पुढची सीट आत्याची आहे, म्हटलं. मग मी मागे बसतो, म्हणाला. मागे उजवीकडे बसलास तर चालेल, डावीकडे नको, असं मी म्हटलं. तो म्हणाला, तूच जा आई. फोन जवळ ठेव.

वन्संना फोन केला. नेहमीसारखा त्यांचाच प्रश्न आधी, आकडा किती?

“सत्तेचाळीस कमी. रविवारी सकाळी तयार राहा.”

त्यांचं गणित अजून पक्कं आहे. म्हणाल्या, अडतीस येण्यात गेले, नऊ उरतात. नऊ किलोमीटर कुठे नेणार आहेस मला?

“कुठेच नाही. तुमच्या दारातच. चौकात.”

पलीकडे वन्सं हसल्या. हळू, श्वासातल्या श्वासात. “म्हणजे तुला कळलं तर,” त्या म्हणाल्या. “अगं, मी खिडकीशीच बसलेली असायचे. तुमच्या गाडीचा आवाज मला लांबून ओळखू यायचा. यायची, आणि गोल गोल फिरत राहायची. मी फेऱ्या मोजायचे. मला आधी वाटायचं, तुमचं भांडण चाललंय, मिटलं की आत येता. एकदा तर तासभर भांडलात. मग मी त्याला विचारलं. त्याने मला शपथ घातली.”

सगळ्यांना माहीत होतं. ज्यांना डोळे नाहीत त्यांनाही. मिटलेले तेवढे माझेच होते.

रविवारी पहाटे उठून आंघोळ केली, दिवा लावला, जपाला बसले. अकरा माळा. शेवटचा मणी सुटला. सवयीने कान पुढे गेले. घरात कुठेतरी नळ ठिबकत होता, त्याचे दोन-तीन थेंब ऐकले. मग मी डोळे उघडले. दिव्यात तेल अजून होतं.

खाली गेले तर गाडी चारही कोपऱ्यांवर सारखी उभी होती. सात महिन्यांनी मागचं डावं माणूस उठून गेलं होतं. मला चुकल्यासारखं झालं. मागच्या खिडकीतून आत बघितलं, सीटवर काही नव्हतं, जिथे मी बसायचे तिथे चामड्याला पडलेल्या सुरकुत्या तेवढ्या.

यांच्या किल्लीने दार उघडलं. सीट मागे सरकली, स्टिअरिंग खाली आलं, आरसे वळले. मी दाराशी उभी राहून सगळं होऊ दिलं. मोटर थांबल्यावरही थोडी थांबले, माणसाला नीट बसायला लागतो तेवढा वेळ. मग आत बसले आणि बटण दाबून सीट सावकाश पुढे घेतली, पाय पोचेपर्यंत. मोठा आरसा माझ्या डोळ्यांना रस्ता दिसेल असा वळवला. छोट्याला हात लावला नाही.

पिवळा दिवा लागलेलाच होता. आकडा त्रेपन्नवर. वन्संच्या फाटकाशी तो एक्क्याण्णव होईल. मग त्यांना हात धरून पुढच्या सीटवर बसवायचं, पट्टा लावायचा, आणि नऊ किलोमीटर झाडांभोवती. शेवटचे आकडे मी मोठ्याने वाचीन, एकेक करून, शाळेत वाचतात तसे.

“डोळे उघडेच आहेत,” मी म्हटलं, आणि ब्रेकवरचा पाय हळूच काढला.